बाळ का गेले, हे विचारायचे कुणाला?

आरोग्य प्रश्नोत्तरे : नवजात बाळांचे आजार

या वेळी आलेल्या पत्रांत एक पत्र असे आहे, की त्याला दोन ओळींत उत्तर देणे मला योग्य वाटले नाही. म्हणून सदराची बरीचशी जागा त्या एका पत्राला दिली आहे आणि उरलेल्या प्रश्नांना त्यामानाने थोडक्यात उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांची नावे, गावे आणि रुग्णालये छापलेली नाहीत.

प्रश्न : सा. न. वि. वि. माझे पहिले बाळंतपण माहेरी व्हायचे ठरले होते. सातवा महिना सरताना एका रात्री अचानक कळा सुरू झाल्या. आधी जवळच्या रुग्णालयात आणि तिथून १०८ च्या गाडीने मोठ्या रुग्णालयात नेले. मुलगा झाला, वजन १ किलो ३०० ग्रॅम. त्याला श्वास घेता येत नव्हता म्हणून काचेत ठेवले. तीन दिवसांनी ‘आता बरा आहे, नळीने दिलेले दूध पचते आहे’ असे सांगितले आणि सहाव्या दिवशी पहाटे तो गेला. कागदावर ‘सेप्टिसीमिया’ आणि ‘प्रीमॅच्युरिटी’ असे दोन शब्द आहेत. त्याच आठवड्यात तिथे आणखी दोन बाळे गेली, म्हणून माझे यजमान म्हणतात की हलगर्जीपणा झाला. सासूबाई म्हणतात की मी ग्रहणात विळी हातात धरली होती. गावात देवाला कौल लावला, तर बाहेरचे काहीतरी निघाले. मला बाळाचे तोंडही नीट पाहू दिले नाही. मी वॉर्डात होते आणि पुरुष माणसे त्याला घेऊन गेली. बरे करायला नेलेल्या बाळाला रुग्णालयातच इन्फेक्शन होते तरी कसे? माझ्या हातून काय चुकले?
— एक आई, दक्षिण कोकण

उत्तर : ताई, तुमचा शेवटचा प्रश्न मी आधी घेतो, कारण त्याचे उत्तर मिळाल्याशिवाय पुढचे काही तुम्हाला नीट वाचता येणार नाही. तुमच्या हातून काहीही चुकलेले नाही. ग्रहणात विळी धरल्याने कळा लवकर सुरू होत नाहीत आणि बाळाच्या रक्तात जंतूही शिरत नाहीत. दिवस भरण्याआधी कळा येण्यामागे लघवीचा किंवा गर्भाशयाचा संसर्ग, वाढलेला रक्तदाब, जुळी बाळे, गर्भपिशवीचे तोंड आधीच उघडणे, पाणमोट लवकर फुटणे अशी कारणे सापडतात. आणि पुष्कळ जणींच्या बाबतीत सर्व तपासण्या करूनही एकही कारण सापडत नाही. कारण सापडले नाही म्हणजे ते आईच्याच वागण्यात असले पाहिजे, असा अर्थ आपल्याकडे फार पटकन काढला जातो. तो चुकीचा आहे आणि नुकत्याच बाळंत झालेल्या, बाळ गमावलेल्या बाईच्या बाबतीत तो क्रूरही आहे. आपल्या सासूबाईंना हे उत्तर वाचून दाखवावे, अशी माझी विनंती आहे. त्यांचेही नातवंड गेले आहे आणि त्याही उत्तरच शोधत आहेत.

कौल ही आपल्या गावऱ्हाटीची जुनी रीत आहे आणि ज्यांची तिच्यावर श्रद्धा आहे त्यांचा अनादर मी करणार नाही. परंतु तुमच्या बाळाला काय झाले, याची नोंद त्याच्या केसपेपरवर आणि रक्ताच्या अहवालात आहे, आणि ती तुम्हाला समजेल अशा शब्दांत सांगणे हे उपचार करणाऱ्यांचे काम होते. ते काम झाले नाही, म्हणून त्या मोकळ्या जागेत विळी आली, कौल आला आणि हलगर्जीपणाचा संशयही आला. त्या संशयात तथ्य आहे की नाही, हे मी पत्रावरून सांगू शकत नाही. ते कसे शोधता येते, एवढे मात्र सांगू शकतो.

आधी कागदावरचे दोन शब्द पाहू. ‘प्रीमॅच्युरिटी’ म्हणजे दिवस भरण्याआधीचा, ३७ आठवडे पूर्ण होण्यापूर्वीचा जन्म. फुप्फुसातल्या हवेच्या सूक्ष्म पिशव्या श्वास सोडल्यावर मिटून जाऊ नयेत, यासाठी त्यांच्या आतून सरफॅक्टंट नावाचा एक स्निग्ध पदार्थ पसरलेला असावा लागतो आणि तो पुरेसा तयार होण्यास साधारण ३४ ते ३५ आठवडे जावे लागतात. तुमच्या बाळाला प्रत्येक श्वासाला मिटलेली फुप्फुसे नव्याने उघडावी लागत होती. या आजाराचे मूळ सरफॅक्टंटच्या अभावात आहे, हे अमेरिकेतील मेरी एलन एव्हरी यांनी १९५९ साली दाखवून दिले. त्यानंतरही उपचार हाती नव्हता. १९६३ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा मुलगा साडेपाच आठवडे आधी जन्मला आणि याच त्रासाने जेमतेम ३९ तास जगला. जपानच्या फुजिवारा यांनी बाहेरून सरफॅक्टंट देऊन बाळे वाचल्याचे १९८० साली जगापुढे मांडले. आज ते औषध, नाकावाटे दाबाने हवा देणारे सीपॅप यंत्र, आणि बाळाची फुप्फुसे लवकर पक्की व्हावीत म्हणून बाळंतपणाआधीच आईला १२-१२ तासांनी दिली जाणारी डेक्सामेथासोनची इंजेक्शने यांमुळे अशी असंख्य बाळे वाचतात. (सातव्या महिन्यातले जगते, आठव्यातले जगत नाही, ही समजूत पूर्णपणे खोटी आहे; पोटात काढलेला प्रत्येक जास्तीचा आठवडा बाळाच्या बाजूनेच असतो.)

हा श्वासाचा त्रास पहिले दोन दिवस वाढतो आणि बाळ तगले तर तिसऱ्या दिवसाच्या सुमारास बहुधा उतरू लागतो. म्हणून तीन दिवसांनी ‘बरा आहे’ असे जे तुम्हाला सांगितले, ते खोटे होते असे समजू नका. त्यानंतर जे आले ते वेगळेच दुखणे होते.

‘सेप्टिसीमिया’ म्हणजे रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग. आईच्या शरीरातील रोगप्रतिकारक द्रव्ये वारेतून बाळाकडे जातात, परंतु त्यांतली बहुतेक शेवटच्या तीन महिन्यांत जातात. तुमच्या बाळाला ती शिदोरी मिळण्याआधीच बाहेर यावे लागले. त्याची कातडी कागदासारखी पातळ, शिरेत सलाइनची सुई, तोंडातून पोटात नळी, नाकाला यंत्र. त्याला जिवंत ठेवणारी ही प्रत्येक गोष्ट जंतूंसाठीही वाट ठरू शकते. जन्मानंतर ७२ तासांच्या आत होणारा संसर्ग बहुधा आईकडून आलेला आणि नंतरचा बहुधा भोवतालातला, असे पुस्तकात शिकवले जाते. आपल्या देशात ही रेषा पुसट झाली आहे. दिल्लीच्या तीन मोठ्या रुग्णालयांत १३ हजारांहून अधिक नवजात बाळांचा जो अभ्यास झाला आणि २०१६ साली प्रसिद्ध झाला, त्यात दोनतृतीयांश संसर्ग पहिल्या ७२ तासांतच झालेले आढळले, आणि जंतू होते ॲसिनेटोबॅक्टर, क्लेब्सिएला, ई. कोलाय, म्हणजे बहुतांशी रुग्णालयाच्या भोवतालात आढळणारेच. त्यांतले बरेचसे एकापेक्षा अधिक प्रकारच्या प्रतिजैविकांना दाद देत नव्हते. म्हणजे योग्य वेळी योग्य इंजेक्शन सुरू होऊनही बाळ हाती लागत नाही, असे घडते. शिवाय कमी दिवसांच्या बाळात संसर्गाची लक्षणे फार मंद असतात. ताप येईलच असे नसते, उलट अंग गार पडते. दूध पचेनासे होते, श्वास मध्येच थांबतो, हालचाल कमी होते, आणि या खुणांपासून शेवटापर्यंत कित्येकदा काही तासच मिळतात.

रुग्णालयात हा संसर्ग कसा पसरतो, याचे उत्तर पुष्कळदा ‘हातांवाटे’ असे आहे. एका बाळाला हात लावून, हात न धुता दुसऱ्याला लावणे. एका वॉर्मरवर, म्हणजे बाळाला ऊब देणाऱ्या खाटेवर, दोन बाळे झोपवणे. रात्रपाळीला एका सिस्टरकडे इतकी बाळे असणे, की प्रत्येक वेळी नीट हात धुण्याएवढी सवडच उरू नये. माझे स्पष्ट मत असे आहे, की अशा ठिकाणी सिस्टरला दोष देऊन प्रश्न सुटत नाही. मंजूर पदे भरलेली आहेत का, प्रत्येक बाळाला स्वतंत्र जागा आहे का, नळाला पाणी आणि हाताशी साबण आहे का, हे प्रश्न वरपर्यंत विचारले गेले पाहिजेत.

आता यजमानांच्या संशयाविषयी. एका आठवड्यात तीन बाळे गेली, एवढ्यावरून दोन्ही निष्कर्ष निघू शकतात. नवजात अतिदक्षता कक्षात, ज्याला सर्व जण एसएनसीयू म्हणतात, आजूबाजूच्या तालुक्यांतली सर्वांत आजारी आणि सर्वांत लहान बाळे एकत्र येतात. तिथे कधी एका आठवड्यात एकही मृत्यू होत नाही आणि कधी तीन होतात, आणि त्यामागे काही समान धागा नसतो. परंतु कधी असतो. तिन्ही बाळांच्या रक्तात एकच जंतू वाढला असेल, तर तो साथीचा प्रकार आहे आणि नळ, सक्शनची यंत्रे, औषधांच्या बाटल्या, कर्मचाऱ्यांचे हात या सगळ्यांचा तपास झालाच पाहिजे. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात अशाच कक्षाला आग लागून १० बाळे गेली. ती बाळे आजारी होती हे खरे. पण ती आजाराने गेली नाहीत. आजारी बाळांच्या खोलीत झालेला प्रत्येक मृत्यू आजारपणाच्या खात्यावर मांडून मोकळे होता येत नाही, हे आपण महाराष्ट्रात फार मोठी किंमत देऊन शिकलो आहोत.

तुम्ही काय करावे, ते सांगतो. रुग्णालयाच्या प्रमुखांच्या नावे साधा अर्ज लिहा आणि बाळाच्या संपूर्ण केसपेपरच्या प्रती मागा; भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत ही कागदपत्रे देणे बंधनकारक आहे. अर्जाची पोच घ्या. त्याच अर्जात, उपचार करणाऱ्या बालरोगतज्ज्ञांशी बसून बोलण्यासाठी वेळ मागा. जाताना घरातले शांत स्वभावाचे एक माणूस बरोबर न्या आणि प्रश्न लिहून न्या : रक्ताचे कल्चर (रक्तातले जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) केले होते का, त्यात कोणता जंतू आला, कोणते इंजेक्शन कधी सुरू झाले, प्रकृती बिघडल्याची पहिली नोंद किती वाजताची आहे आणि त्यानंतर बाळाला कोणी तपासले, त्या आठवड्यातल्या इतर बाळांमध्ये तोच जंतू होता का (नावे सांगू नयेत, होय किंवा नाही एवढे तरी सांगावे), आणि या मृत्यूचे पुनरावलोकन झाले का. केंद्र सरकारने २०१४ साली बालमृत्यूंच्या पुनरावलोकनाच्या मार्गदर्शक सूचना दिलेल्या आहेत. म्हणजे हा प्रश्न विचारून तुम्ही काही जगावेगळे मागत नाही. विचारणे म्हणजे आरोप करणे नव्हे, हे आपल्याकडे रुग्णालयांनी आणि नातेवाइकांनी दोघांनीही समजून घेणे फार आवश्यक आहे. ज्या डॉक्टरांनी मनापासून प्रयत्न केले असतील, त्यांना या प्रश्नांची उत्तरे देणे जड जाणार नाही, आणि उत्तरे टाळली गेली तर पुढची दाद मागण्यासाठी तुमच्या हातात कागद असतील.

तुम्हाला बाळ पाहू दिले नाही, याचे मला अतिशय वाईट वाटते. आईने पाहिले तर तिला जास्त त्रास होईल, या समजुतीने घरची माणसे घाईघाईने बाळाला नेतात आणि रुग्णालयही त्यांना थांबवत नाही. हेतू वाईट नसतो. परंतु ज्या आयांनी आपले बाळ हातात घेतले, त्याच्या अंगावरून हात फिरवला, त्यांना पुढे निदान आपण त्याला निरोप दिला एवढे तरी म्हणता येते. ज्यांना पाहू दिले नाही, त्या वर्षानुवर्षे तो चेहरा आठवण्याचा प्रयत्न करीत राहतात. ज्या आईला पाहायचे आहे तिला अर्धा तास मिळावा, पडदा ओढून एक कोपरा मिळावा. यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही आणि हे प्रत्येक रुग्णालयात आजपासून करता येण्यासारखे आहे.

तुम्ही पुन्हा दिवस राहू द्याल तेव्हा, शक्यतो दीड-दोन वर्षांच्या अंतराने, पहिल्याच तपासणीत हा सगळा इतिहास सांगा. एकदा लवकर बाळंतपण झालेल्या बाईला पुन्हा तसे होण्याची शक्यता इतरांपेक्षा अधिक असते, म्हणून लघवीची तपासणी, रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि सोनोग्राफीत गर्भपिशवीच्या तोंडाची लांबी यांकडे अधिक लक्ष द्यावे लागेल, आणि बाळंतपणासाठी नवजात अतिदक्षता कक्ष असलेले ठिकाण आधीच ठरवून ठेवावे लागेल. पुढच्या वेळीही असेच होईल, असे मुळीच नाही.

प्रश्न : माझ्या मुलीचे पहिले बाळ सुखरूप आहे. दुसऱ्याला जन्मल्याच दिवशी कावीळ झाली, निळ्या दिव्याखाली ठेवले, रक्तही बदलले, तरी ते वाचले नाही. आमच्या वेळी पिवळी पडलेली मुले कोवळ्या उन्हात ठेवली की बरी होत. मग याला दिव्याखाली का ठेवले? आता तिला तिसऱ्यांदा दिवस गेले आहेत.
— एक आजी, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : आजी, उन्हाविषयीचे तुमचे निरीक्षण बरोबर आहे आणि निळ्या दिव्याचा जन्मही त्यातूनच झाला. इंग्लंडमधील रॉचफर्डच्या रुग्णालयात सिस्टर जीन वॉर्ड या कमी दिवसांच्या बाळांना उन्हात फिरवून आणीत. अंगाचा जो भाग झाकलेला राही तो पिवळा आणि उघडा भाग फिकट झालेला १९५६ साली त्यांनी डॉक्टरांना दाखवला, आणि दोन वर्षांनी तिथल्या डॉक्टरांनी प्रकाशाच्या उपचाराविषयीचा पहिला लेख प्रसिद्ध केला. परंतु तिसऱ्या-चौथ्या दिवशी येणारी, दूध वाढले की आपोआप उतरणारी सौम्य कावीळ वेगळी आणि पहिल्या २४ तासांत दिसणारी कावीळ वेगळी. ही दुसरी नेहमीच धोक्याची असते. तिच्यात बिलिरुबिन हे रक्तातले पिवळे द्रव्य इतक्या वेगाने वाढते की ते मेंदूत शिरून बाळाला झटके येऊ शकतात, बहिरेपणा येऊ शकतो किंवा बाळ दगावू शकते. दारातल्या उन्हाची ताकद तिथे पुरत नाही.

तुमच्या मुलीचा रक्तगट निगेटिव्ह आहे का, हे आजच तिच्या कार्डावर पाहा. पहिले बाळ सुखरूप आणि दुसऱ्याला पहिल्याच दिवशी तीव्र कावीळ, हा क्रम निगेटिव्ह आई आणि पॉझिटिव्ह बाळ यांच्यात नेहमी दिसतो. पहिल्या बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत अँटी-डी नावाचे इंजेक्शन मिळाले असते, तर हा धोका बहुतांशी टळला असता. आता मात्र प्रथम तिच्या रक्तात बाळाच्या पॉझिटिव्ह रक्ताला विरोध करणारी द्रव्ये तयार झाली आहेत का, याची इनडायरेक्ट कूम्ब्स ही तपासणी करावी लागेल. ती तयार झाली असतील तर अँटी-डीचा उपयोग होत नाही आणि पोटातल्या बाळाची वरचेवर सोनोग्राफी करणाऱ्या मोठ्या केंद्रातच तिला नाव नोंदवावे लागेल. ही गोष्ट नववा महिना लागेपर्यंत थांबवू नका. या आठवड्यातच जा.

प्रश्न : आमची मुलगी ३३ व्या आठवड्यात झाली, वजन १ किलो ६५० ग्रॅम होते. सोळा दिवस काचेत होती, आता घरी सोडणार आहेत. आमची वाडी डोंगरावर आहे, पावसात वीज जाते, आणि पुढे गणपतीला मुंबईची सगळी मंडळी येणार. तिला जपायचे कसे?
— एक वडील, रायगड जिल्हा

उत्तर : सर्वप्रथम ऊब. पावसाळ्यात आपल्याकडे दुपटी चार-चार दिवस वाळत नाहीत. दमट दुपट्यात गुंडाळलेले लहान बाळ पाहता पाहता गार पडते. त्यासाठी विजेवर अवलंबून न राहणारा सर्वांत चांगला उपाय म्हणजे बाळाला फक्त लंगोट, टोपी आणि मोजे घालून आईच्या उघड्या छातीवर उभे धरणे आणि वरून कोरड्या कापडाने बांधून घेणे. कोलंबियातील बोगोटा येथे १९७८ साली डॉ. एदगार रेय यांनी, बाळांना उबेत ठेवणाऱ्या काचेच्या पेट्या पुरत नव्हत्या म्हणून, ही पद्धत सुरू केली. भारतासह पाच देशांत झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२१ साली आले. १ किलो ते १ किलो ८०० ग्रॅमपर्यंतच्या बाळांना जन्मल्याबरोबर असे छातीशी ठेवले, तर महिन्याभरातले मृत्यू एकचतुर्थांशाने कमी झाले. बाबा, हे काम तुम्हीही करू शकता. आईला झोप मिळावी म्हणून रोज काही तास तुम्ही करावेच. खोलीत शेगडी आणि धुरी मात्र नको, कारण तिची फुप्फुसे अजून कोवळी आहेत.

दूध फक्त आईचे. ती ओढून पिऊ शकत नसेल तर काढून वाटी-चमच्याने पाजा. मध, गुटी, पाणी काहीही नको. नाळेला आणि बेंबीला काही लावू नका. मुंबईची मंडळी येतील तेव्हा त्यांनी साबणाने हात धुऊन बाळ दुरून पाहावे आणि सर्दी-खोकला असलेल्याने खोलीत येऊच नये. याचा कोणी राग धरू नये, म्हणून हे आधीच फोनवर सांगून टाका.

बाळ दूध ओढेनासे झाले, हलवल्याशिवाय हालचाल करीनासे झाले, पोट आणि तळपाय गार लागू लागले किंवा अंग तापले, झटके आले, श्वास घेताना छाती आत ओढली जाऊ लागली, पूर्ण एक मिनिट मोजल्यावर श्वास ६० किंवा त्याहून अधिक भरले, तळपायांपर्यंत पिवळेपणा उतरला, यांतले एकही दिसले तर सकाळची वाट पाहू नका, १०८ ला फोन करा. सरकारी रुग्णालयात वर्षाच्या आतील आजारी बाळाचे उपचार आणि ने-आण जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली मोफत आहे.

एक गोष्ट मी आग्रहाने सांगतो, कारण बाळ चांगले दूध पिऊ लागले की नेमकी तीच राहून जाते. ३४ आठवड्यांआधी किंवा २ किलोपेक्षा कमी वजनाने जन्मलेल्या प्रत्येक बाळाच्या डोळ्यांचा पडदा जन्मापासून ३० दिवसांच्या आत नेत्रतज्ज्ञाने तपासलाच पाहिजे. अशा बाळांच्या पडद्यावर वाकड्यातिकड्या रक्तवाहिन्या वाढून कायमचे अंधत्व येऊ शकते. वरून डोळे अगदी सुरेख दिसतात, आणि वेळेत लेझर किंवा इंजेक्शन मिळाले तर दृष्टी वाचते. तुमच्या मुलीचे सोळा दिवस सरलेले आहेत. घरी नेण्याआधीच तारीख ठरवून घ्या.

प्रश्न : बाळ गंभीर झाले तर पावसाळ्यात घाट चढून कोल्हापूरला न्यावे, की गोव्याला?
— एक वाचक, सिंधुदुर्ग जिल्हा

उत्तर : बाळ लहान किंवा आजारी जन्मणार अशी शंका असेल, तर हलवायचे ते आईला, आणि बाळंतपणाआधी. आईच्या पोटाइतकी उबदार आणि सुरक्षित रुग्णवाहिका दुसरी नाही. जन्मानंतर न्यावेच लागले, तर कोणते शहर याहून महत्त्वाचे हे, की आधी त्याचा श्वास, ऊब आणि रक्तातील साखर जवळच्याच रुग्णालयात सावरून घ्यावी, पुढे फोन करून जागा आहे याची खात्री करावी, गाडीत ऑक्सिजन आणि प्रशिक्षित माणूस असावा. घाटात दरड आली आहे का, हे निघण्यापूर्वी विचारावे. चिठ्ठीत दिलेली औषधे वेळेसह लिहून घ्यावीत, आणि शक्य असेल तर आईला बरोबर न्यावे. तिचे दूध हे तिथेही औषधच आहे.

प्रश्न : मी आशा म्हणून काम करते. बाळ दोन दिवसांत गेले तर ‘नाव ठेवले नाही, बारसे नाही, नोंद कसली करायची’ असे घरचे म्हणतात. त्या घरी पुन्हा जायला मलाही अवघड वाटते.
— एक आशाताई

उत्तर : ताई, बाळ जिवंत जन्मले आणि एकच श्वास घेऊन गेले, तरी त्याच्या जन्माची आणि मृत्यूची अशा दोन्ही नोंदी करणे १९६९ च्या कायद्याने आवश्यक आहे, मुदत २१ दिवसांची आहे आणि नाव ठेवलेले नसले तरी चालते. मृत जन्मलेल्या बाळाची नोंद वेगळी होते. घरच्यांना सांगा, की तुमचे बाळ होते, हे सरकारी दप्तरात लिहिले जाईल. पुष्कळांना हे पटते. नमुना नोंदणी पाहणीनुसार २०२० साली महाराष्ट्रात दर १,००० जिवंत जन्मांमागे ११ बाळे पहिल्या २८ दिवसांत गेली, तर पहिल्या वर्षभरात मिळून १६. म्हणजे वर्षाच्या आत जाणाऱ्या बाळांपैकी दोनतृतीयांशांहून अधिक या पहिल्या चार आठवड्यांतच जातात. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली आणि हे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी करून दाखवले, हे १९९९ साली प्रसिद्ध झाले. तुमच्या ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवसाच्या भेटी त्याच कामातून आल्या आहेत.

बाळ गेले म्हणून त्या भेटी थांबवू नका. बाळ नसले तरी ती बाळंतीण आहे. तिचा रक्तस्राव किती आहे, ताप आहे का, टाके दुखतात का, लोहाच्या गोळ्या चालू आहेत का, हे पाहायला त्या घरी दुसरे कोणी जाणार नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिला पान्हा फुटेल आणि ती कोणाला सांगणार नाही. थंड ओल्या कापडाच्या घड्या ठेवाव्यात, फार ताठरले तर बरे वाटण्यापुरतेच थोडे दूध काढावे, छाती घट्ट आवळून बांधू नये, आणि गाठ लाल होऊन थंडीताप आला तर केंद्रावर आणावे, हे तुम्हीच तिला सांगायचे आहे. दोन आठवड्यांनंतरही ती जेवत नसेल, झोपत नसेल किंवा जगण्यात अर्थ नाही असे बोलत असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा. काय बोलावे हे सुचले नाही, तर बाळाविषयी विचारा. ते कोणासारखे दिसत होते, एवढे विचारले तरी ती बोलू लागेल.